तूस थांबलं होतं

पेण ते रोहा या रुळांनी मला गणित शिकवायला जेवढी मदत केली, तेवढी कुठल्या पुस्तकाने केली नाही. राहते पेणला, शिकवते रोह्याला, बारावी सायन्सला. सकाळच्या गाडीने जायचं, दुपारच्या गाडीने यायचं, अकरा वर्षं झाली. कण, सरळ रेषा, आरंभबिंदू असले शब्द काढले की पोरांचे चेहरे धुतल्या पाटीसारखे होतात. म्हणून मी फळ्यावर एक आडवी रेघ ओढते, डाव्या टोकाला पेण लिहिते, उजव्या टोकाला रोहा, आणि मध्ये कासू, नागोठणे, निडी. पेण म्हणजे शून्य. रोह्याकडे जाणं अधिक, पेणकडे येणं उणे. मग विचारते, गाडी निडीला आहे, तर ती कुठे चाललीय? हुशार पोरं बोलून मोकळी होतात, रोह्याला. मी म्हणते, कशावरून? निडी हे ठिकाण झालं. ठिकाणावरून दिशा कळत नाही. दिशा सांगतं ते वेगाचं चिन्ह. वेग अधिक तर रोहा, उणे तर पेण. एवढं सगळ्यांना पटतं. निडीहून येणारी पोरं तर जरा लाजतातच, आपलं गाव फळ्यावर आलं म्हणून.

घोळ होतो तो पुढे. मी वेगाचं सूत्र देते, v(t) = t² − 4t + 4, आणि विचारते, कण दिशा कधी बदलतो? दोन सेकंदांना वेग शून्य येतो. झालं, अर्धा वर्ग लिहून टाकतो की दोन सेकंदांना कण फिरला. दरवर्षी. अरे बाबांनो, शून्याच्या आधी चिन्ह काय होतं? अधिक. शून्यानंतर? तेही अधिक. म्हणजे कण थांबला आणि होता त्याच दिशेला पुढे गेला. फिरला कुठे? निडीला गाडी थांबते म्हणून ती काय पेणला परत येते? हा माझा ठरलेला विनोद. वर्ग हसतो, आणि चाचणीत पुन्हा तेच लिहितो.

मी तापट होते, हे माझ्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. दुसरी कुठलीही चूक मी सोडून द्यायचे, पण ही एक चूक दिसली की माझा आवाज चढायचा. पेपर तपासताना तिथे पेन असं दाबून फिरवायचे की मागच्या पानावर वळ उठायचा. स्टाफरूममधले म्हणायचे, मॅडम, अर्ध्या गुणाची चूक, एवढं काय त्यात? मी म्हणायचे, पाया कच्चा राहतो. खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

दोन वर्षांपूर्वी असाच हा धडा चालला होता. निडीचा विनोद झाला, वर्ग हसला. मागच्या बाकावर एक मुलगी बसायची, खाडीकाठच्या गावातून यायची, वर्षभरात दहा वाक्यं बोलली असेल नसेल. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, गाडीचा ठरलेला हाय, ती रोह्यालाच जानार. पान्याचा कसा कळायचा? पानी थांबला तर तो फिरला का नाय, ते त्याच वेळी कसा सांगायचा?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी म्हटलं, त्याच वेळी सांगता येत नाही. थांबल्या क्षणाला विचारून उपयोग नसतो. त्याच्या पुढचं चिन्ह बघावं लागतं, आणि त्यासाठी थोडं थांबावं लागतं. एवढं मी नीट बोलले. मग फळ्याकडे वळले आणि पुढचं गणित लिहायला हात उचलेना. मी खुर्चीत बसले. तोवरच्या नऊ वर्षांत मी वर्गात खुर्चीत बसलेली कुणी पाहिली नसेल. पोरांना पुढची तीन उदाहरणं सोडवायला सांगितली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. रडू आलं होतं, पण सतरा-अठरा वर्षांच्या पोरांसमोर रडण्याएवढी मी अजून मऊ झालेली नाही.

त्याच्या नऊ वर्षं आधी हाच प्रश्न मला माझ्या वडिलांनी विचारला होता. तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं होतं.

आमचं गाव पेणच्या खारेपाटात. नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. आमच्याकडे शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत, म्हणजे खाडी वर आणि भात खाली, आणि दोघांच्या मध्ये मातीचा बांध. बांधात एका ठिकाणी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. भरतीच्या रेट्याने ते मिटतं, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. बांध फुटला तर आम्ही फुटला म्हणत नाही, खांड गेली म्हणतो. खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं. त्या वर्षीचं भात तर जातंच, पण पुढची दोन-तीन वर्षं ती जमीन बांगडीच्या तुकड्याएवढीही हिरवी होत नाही.

म्हणून पावसाळ्यातल्या अवसेला, पुनवेला उधाण आलं की गावाचा एक रिवाज आहे. प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर जातं. बाई, पुरुष, कुणीही, पण घर रिकामं चालत नाही. चिखल, पेंढा, मातीच्या गोणी घेऊन ठरल्या जागी उभं राहायचं, कुठे पाणी झिरपलं तर तिथल्या तिथे दाबायचं. आणि उघाडीवरच्या माणसाने हाक दिल्याशिवाय बांध सोडायचा नाही. "पानी फिरला" ही ती हाक. भरती संपून ओहोटी लागली की ती द्यायची. ती ऐकली की माणसं खाली उतरणार, भाकरी खाणार. गावात कुणाच्या शब्दाला किती मान असायचा ते सोडा, उधाणाच्या दिवशी त्या एका माणसाच्या शब्दावर सगळं गाव असायचं. तो माणूस माझे वडील होते, आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील.

आमच्याकडे बापाला तू म्हणतात. रोह्याच्या स्टाफरूममध्ये मी "ते" म्हणायला शिकले, आणि लिहितानाही आता "ते" च येतं. तर बाबा पाणी किती चढलं ते बघत नसत. उघाडीच्या भिंतीवर कुणीतरी रंगाने खुणा केल्या होत्या, त्यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. त्यांचं म्हणणं असं, की पाणी कुठवर आलंय ते सगळ्यांना दिसतं, ते कुठे चाललंय ते कळलं पाहिजे. त्यासाठी ते भाताचं तूस वापरायचे. गिरणीतून आणलेलं तूस आदल्या दिवसापासून बादलीत भिजत घालायचं. कोरडं तूस वाऱ्याचं ऐकतं, भिजलेलं पाण्याचं ऐकतं, असं ते सांगायचे. उघाडीवरून खाडीच्या अंगाला एक मूठ टाकायची आणि बघायचं. तूस गावाकडे सरकलं तर भरती अजून आहे. जागच्या जागी राहिलं तर पाणी उभं आहे. मग थोडं थांबून दुसरी मूठ, आणखी थोडं थांबून तिसरी. दुसरी आणि तिसरी, दोन्ही समुद्राकडे गेल्या, तरच हाक. एक मूठ थांबली म्हणून हाक द्यायची नाही, कारण वारा समुद्राकडून असेल तर उभं राहिलेलं पाणी कधी कधी पुन्हा आत येतं. शाळेची पायरी चौथीपर्यंतच चढलेला माणूस. वेगाचं चिन्ह शून्याच्या दोन्ही बाजूंना तपासायचं असतं, हे मला विद्यापीठात शिकवलं त्याच्या कितीतरी आधी माझ्या घरात दर उधाणाला बादलीत भिजत होतं. मला तेव्हा ते दिसलं नाही.

त्या वर्षी माझी एमएस्सी झाली होती आणि नोकरीचं पत्र यायचं होतं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. श्रावणातली अवस आली. सकाळी बाबा म्हणाले, आज तू चल, बादली धर. मला नवल वाटलं, कारण बादली ते कुणाला धरू देत नसत. उघाडीवर पोचल्यावर, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, त्यांनी सांगितलं की त्यांना तूस नीट दिसत नाही. मोतीबिंदू झाला होता. दोन वर्षं त्यांनी तो लपवला होता. मूठ मी टाकायची, बघायचं मी, त्यांना हळूच सांगायचं, हाक ते देतील. कुणाला बोलायचं नाही.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटला तो अभिमान. बापाचे डोळे व्हायचं, आणि तेही शिकलेले डोळे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. मी मोबाइलवर मुंबईच्या भरतीची वेळ काढून ठेवली होती. खाडीत पाणी आत यायला किती उशीर लागतो तो त्यात मिळवला होता आणि पाणी किती वाजून किती मिनिटांनी फिरणार ते मनात पक्कं केलं होतं. तूस बिस ठीक आहे, पण उत्तर माझ्याकडे आधीच होतं.

दुपार झाली. समुद्राकडून वारा सुटला होता, पाऊस तोंडावर आडवा लागत होता. बांधावर माणसं ठरल्या जागी उभी होती, डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेऊन. मी टाकलेल्या मुठी गावाकडे सरकत होत्या, आधी भरभर, मग सावकाश. मग एक मूठ टाकली ती थांबली. तूस तिथल्या तिथे फिरत राहिलं, ना आत ना बाहेर. मी मोबाइल बघितला. माझ्या हिशेबाप्रमाणे पाणी फिरून आठ मिनिटं झाली होती.

बाबांनी विचारलं, "तूस कुठं चाललाय गो?"

साधा प्रश्न होता. उत्तरही साधं होतं, कुठंच नाही, थांबलंय. मी ते दिलं नाही. जे बघितलं ते सांगण्याऐवजी जे मला माहीत होतं ते सांगितलं.

"फिरला," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं, नक्की का. मी म्हटलं, व्हय, टाइम होऊन गेला. दुसरी मूठ राहिली होती, तिसरी राहिली होती, बादलीत तूस होतं. मला भूक लागली होती आणि अंगावरचे कपडे चिंब झाले होते. बाबा पाण्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी हात वर केला आणि हाक दिली. बांधावरून ती एकाकडून दुसऱ्याकडे जात पार दुसऱ्या टोकाला पोचली. माणसं उतरायला लागली.

तांदळाची भाकरी आणि सुकट, पहिला घास मी तोंडात घातला होता. तेवढ्यात बांधाच्या वळणाकडून ओरडा झाला. पाणी उभं राहिलं होतं आणि मग वाऱ्याच्या जोराने पुन्हा आत आलं होतं. वळणावर खेकड्यांनी बांध पोखरलेला, तिथे दरवेळी तीन घरांची माणसं गोण्या घेऊन असत. ती तेव्हा खाली जेवत होती. आम्ही धावत पोचलो तोवर दाराएवढी खांड गेली होती, आणि आमच्या डोळ्यांसमोर ती घराएवढी झाली. लोकांनी गोण्या टाकल्या, पेंढ्याचे भारे टाकले, एकाने घरची बाज आणून टाकली. पाण्याने ती काडीसारखी नेली. माणूस एकही गेलं नाही, देवाची कृपा. संध्याकाळी सगळं शेत गुडघाभर खाऱ्या पाण्यात होतं आणि त्यात भात हिरवंगार उभं होतं. ते पिवळं पडायला आठवडा लागला.

दुसऱ्या दिवशी देवळात गाव बसलं. कुणी आवाज चढवला नाही. फक्त एका म्हाताऱ्याने विचारलं, की हाक कशी दिली गेली. मी बायकांत बसले होते, बाबा पुरुषांत, खांबाला टेकून. उधाणाच्या दिवशी मी त्यांच्या शेजारी उभी होते हे सगळ्यांनी पाहिलं होतं, पण बादली धरायला, एवढंच सगळ्यांना वाटत होतं. मी उठणार होते. आता हे लिहिताना तरी मला वाटतं, की उठणार होते. त्याच्या आत बाबा उठले.

ते म्हणाले, "मला दिसत नाय. दोन वर्सं झाली, मोतीबिंदू हाय. मी कुनाला बोललो नाय. चूक माझी."

मग माझे चुलते, बाबांचे धाकटे भाऊ, हळूच म्हणाले की दादा, सांगायचंस ना. गावाने त्याच बैठकीत उघाडी चुलत्यांकडे दिली. कुणी शिवी दिली नाही, कुणी बोट दाखवलं नाही, आंधळ्या माणसाला काय बोलणार. बाबा बाहेर आले, चपला पायांनी चाचपून घातल्या आणि घराकडे चालू लागले. मी मागून गेले. घरी पोचल्यावर त्यांनी तुसाची बादली पालथी घालून ठेवली आणि मला म्हणाले की भात टाक, उशीर झाला. आपलेच दात, आपलेच ओठ. मला वाटलं, बापाने पोरीची चूक पोटात घातली. त्यांना वाटत असेल की त्यांच्या डोळ्यांमुळेच पोरीवर ती वेळ आली. असं मी नऊ वर्षं धरून चालले.

महिन्याभरात मला रोह्याला नोकरी लागली. मी पेणला खोली घेतली. गावातल्या शेतांत तीन वर्षं काही पिकलं नाही. पुरुष कंपनीत शिफ्टला जाऊ लागले, बायका जोह्याला गणपतीच्या कारखान्यांत साच्यात माती दाबायला. ज्या घरांत कधी विकतचा तांदूळ आला नव्हता त्या घरांत पिशव्या आल्या. मी सणावाराला गावी जायचे तेव्हा त्याच बायका मला विचारायच्या, बरी हायस ना गो, नोकरी बरी हाय ना. मला त्यांच्या डोळ्यांत बघवत नसे. बाबांचं ऑपरेशन मी त्याच वर्षी करून घेतलं. त्यांना दिसायला लागलं, पण उघाडी कुणी परत दिली नाही आणि त्यांनी मागितली नाही. उधाणाच्या दिवशी आमच्या घरातून माणूस म्हणून ते बांधावर जायचे आणि वळणावर गोणी घेऊन उभे राहायचे. सत्तरीच्या पुढचा माणूस, जिथे बाकी तरुण पोरं असायची तिथे. उघाडीकडे पाठ करून उभे असायचे, असं चुलते सांगायचे.

त्या मुलीने वर्गात प्रश्न विचारला त्याच शनिवारी मी गावी गेले. ठरवून गेले. नऊ वर्षं गिळलेलं बाहेर काढायचं आणि मग देवळात जाऊन गावालाही सांगायचं, की चूक बाबांच्या डोळ्यांची नव्हती, माझ्या तोंडाची होती. त्यांची उघाडी मी घालवली होती. निदान त्यांचं नाव तरी त्यांना परत द्यायचं होतं.

बाबा ओटीवर वाल निवडत बसले होते. मी शेजारी बसले आणि हातात मूठभर वाल घेतले. बोलायला सुरुवात करायला मला इतका वेळ लागला की माझ्या पुढ्यातला ढीग निवडून झाला.

"बाबा," मी म्हटलं, "तेव्हा तूस थांबला होता. फिरला नव्हता. मी फिरला बोलले."

त्यांनी किडका दाणा बाजूला टाकला. "ठाव हाय," ते म्हणाले.

मी विचारलं, कसं ठाव. कुणी सांगितलं.

"कोन सांगनार. दिसत होता मला. उजवा डोळा गेला होता, डाव्यानं धूसर दिसायचा. तूस उभा होता."

ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरही मला म्हणाले होते, की डावा डोळा अजून बराच बरा आहे, उजव्याचं आधी करू. मी मान डोलावली होती. मी गणिताची शिक्षिका, आणि दोनात दोन मिळवले नव्हते.

मी विचारलं, मग हाक का दिली. विचारताना माझा आवाज चढला, वर्गात चढतो तसा. बाबा वाल निवडत राहिले.

"तू बोललीस म्हनून," ते म्हणाले. "मला वाटला, माझी नजर गेलेली, अक्कल पन जुनी. पोर एवढी शिकलीय, तिला काय तरी ठाव असंल जे मला नाय. दोन मुठी राहिल्या होत्या. मागायला लाज वाटली. तुझ्यावर भरोसा नाय असा झाला असता."

मला आजवर कुणी मारलेलं नाही. पण त्या दिवशी ओटीवर बसून मला जे वाटलं ते मारापेक्षा वेगळं नसावं. चाळीस वर्षं पाणी वाचणारा माणूस, डोळ्यांसमोर थांबलेलं तूस बघत होता, आणि माझ्या एका शब्दासाठी त्याने ते बघितलं नाही असं केलं. चूक त्यांच्या डोळ्यांची नव्हतीच. आणि देवळात ते माझी चूक झाकत नव्हते, निदान नुसती माझी नाही. मी रडले. नऊ वर्षांचं रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं.

मग मी म्हटलं की मी उद्या देवळात सांगते, गावाला कळू दे.

त्यांनी पहिल्यांदा हात थांबवले. "नको," ते म्हणाले. "तू सांगशील तर मला पन सांगायला लागंल का मला दिसत होता. आंधला मानूस चुकला, ते गावानं सोसला. बघता मानूस चुकला, ते नाय सोसनार. तीन वर्सं उपाशी राह्यलेत ते."

त्यांचं म्हणणं खरं होतं. मी त्यांना त्यांचं नाव परत द्यायला निघाले होते, आणि ते दिलं असतं तर जे उरलं होतं तेही गेलं असतं. मी गावाला सांगितलं नाही. रोह्याला परत गेले, शिकवत राहिले. आता ती चूक दिसली की आवाज चढवत नाही. पोराला जवळ बोलावते आणि विचारते, थांबल्यानंतर काय झालं ते बघितलंस का? पोरं म्हणतात, मॅडम मवाळ झाल्या.

गेल्या माघात बाबा गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. बाराव्याला सगळं गाव जेवायला होतं. ज्यांची शेतं तेव्हा गेली होती त्या घरांतल्या बायकांनीच भात शिजवला. तांदूळ त्यांच्याच, आता पुन्हा पिकू लागलेल्या शेतांतला होता. पंगती उठल्यावर चुलते माझ्याजवळ येऊन बसले. आता तेही थकलेत. उघाडी अजून त्यांच्याकडेच आहे. माझ्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "तुझ्या बापासारखा पानी ओळखनारा या खाडीवर झाला नाय गो. एकदाच चुकला. त्याला दिसत नव्हता म्हनून. डोळे असते तर तो कधी चुकला नसता."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"व्हय," मी म्हटलं, "दिसत नव्हता त्याला."